फ्लो डायव्हर्टरचे माप संगणकाने ठरवणे : आईच्या उपचाराबद्दल पडलेले प्रश्न

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची असून आम्ही सांगलीत राहतो. वारंवार डोके दुखते म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये तिच्या मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या धमनीला, डोळ्याकडची शाखा जिथे फुटते त्या जागेजवळ, ८ मिलिमीटरचा फुगा असल्याचे कळले. तो फुटलेला नाही. पुण्यातील एका रुग्णालयातील डॉक्टरांनी फ्लो डायव्हर्टर बसवण्याचा सल्ला दिला असून त्याचे माप आधी संगणकावर सिम्युलेशन (आभासी चाचणी) करून ठरवू, असे सांगितले. तिथल्याच दुसऱ्या रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टर मात्र म्हणाले, की अँजिओग्राफीवरून माप ते स्वतःच घेतात आणि वेगळ्या सॉफ्टवेअरची त्यांना गरज वाटत नाही. संगणकाला विचारावे लागते म्हणजे पहिल्या डॉक्टरांना खात्री नाही, असे बाबांचे म्हणणे आहे. भावाचे मत नेमके उलट आहे. हे तंत्र म्हणजे आईवर होणारा प्रयोग आहे का? त्यात चूक होऊ शकते का? आम्ही कोणते रुग्णालय निवडावे? आणि दीड महिन्यावर धाकट्या भावाचे लग्न आहे, तोपर्यंत थांबले तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या बाबांची शंका आणि भावाचा विश्वास, दोन्ही मला समजतात, पण घरात वाद चालला आहे तो मापाच्या, म्हणजे तिसऱ्या प्रश्नावर, आणि त्याआधीचे दोन प्रश्न तसेच राहिले आहेत, असे पत्र वाचताना मला वाटले. माप ठरवण्यासाठी सिम्युलेशन वापरणे हा प्रयोग नव्हे, आणि ती डॉक्टरांच्या अज्ञानाची कबुलीही नव्हे. मात्र उपकरण बसवायचे ठरलेच, तर ते कोणत्या व्यासाचे आणि किती लांबीचे असावे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते. फुग्यावर उपचार करावा की त्यावर केवळ लक्ष ठेवावे, आणि उपचार करायचा तर क्लिप (शस्त्रक्रियेने फुग्याच्या तोंडाला लावायचा चिमटा), कॉइल (फुग्यात भरायची बारीक तार) की फ्लो डायव्हर्टर, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. त्यांची उत्तरे कोणतेही माप काढणारे सॉफ्टवेअर देत नाही. तुम्ही विचारले आहे म्हणून मापाविषयी आधी लिहितो आणि मग या दोन प्रश्नांकडे येतो.

फ्लो डायव्हर्टर म्हणजे अतिशय बारीक धातूच्या तारांची विणलेली जाळीदार नळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०११ मध्ये मान्यता दिलेल्या ‘पाइपलाइन’ या उपकरणात अशा ४८ तारा असतात. कॉइल फुग्याच्या आत भरतात. फ्लो डायव्हर्टर मात्र फुग्यात जात नाही, तर ज्या धमनीला फुगा आला आहे तिच्यातच, फुग्याच्या तोंडावरून आडवा बसतो. त्याच्या तारा धमनीच्या पृष्ठभागाचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात. तेवढ्याने फुग्यात शिरणाऱ्या रक्ताचा जोर कमी होतो, आतले रक्त हळूहळू गोठते आणि जाळीवर धमनीचे नवे अस्तर चढते. हे काम त्या दिवशी पूर्ण होत नाही; त्याला काही महिने लागतात. म्हणूनच जाळी कशी बसली, ती धमनीच्या भिंतीला सर्व बाजूंनी नीट टेकली आहे की नाही, याला पुढच्या सगळ्या काळात महत्त्व राहते.

माप ठरवणे अवघड का असते, हे बाबांना समजले तर त्यांची शंका बरीच दूर होईल असे मला वाटते. पोकळ विणीची नाडी दोन्ही टोकांनी ओढली की ती लांब आणि बारीक होते, आणि टोके एकमेकांकडे ढकलली की आखूड आणि जाड होते. फ्लो डायव्हर्टरचे वागणे नेमके असेच असते. ज्या मायक्रोकॅथेटरमधून, म्हणजे अतिशय बारीक नळीतून, तो मेंदूच्या धमनीपर्यंत नेतात त्याची आतली पोकळी जेमतेम ०.७ मिलिमीटर असते, आणि तेवढ्या जागेत मावताना तो त्याच्या खोक्यावर छापलेल्या लांबीच्या दुपटीहून अधिक ताणलेला असतो. बाहेर येऊन उघडू लागला की तो आखडत जातो; पण किती आखडेल हे त्या त्या ठिकाणी धमनी किती रुंद आहे यावर ठरते. खोक्यावरची लांबी उपकरण आपल्या ठरलेल्या व्यासापर्यंत उघडले तरच खरी असते. धमनी त्याहून अरुंद असेल, तर आतला फ्लो डायव्हर्टर छापील लांबीपेक्षा लांब राहतो.

तुमच्या आईच्या बाबतीत हा हिशेब आणखी अवघड होतो, कारण ज्या अंतर्गत कॅरोटिड धमनीवर हा फुगा आहे ती त्या भागात इंग्रजी ‘एस’सारखी वळणे घेते आणि वर जाताना निमुळती होत जाते. एकाच उपकरणाचे खालचे टोक साडेचार मिलिमीटर रुंदीच्या भागात आणि वरचे टोक साडेतीन मिलिमीटर रुंदीच्या भागात बसवावे लागणे, हे तिथे नित्याचे आहे. रुंद टोकाला टेकेल असे माप घेतले तर अरुंद टोकाकडे ते पूर्ण उघडत नाही. अरुंद टोकाला शोभेल असे घेतले तर रुंद टोकाकडे भिंतीपासून सुटून राहते. भिंत आणि जाळी यांच्यात फट राहिली तर रक्त त्या फटीतून फुग्याकडे जात राहते, तिथे गुठळी तयार होऊ शकते, आणि क्वचित उपकरण जागेवरून सरकतेही. उलट, गरजेपेक्षा मोठे माप घेतले तर जाळीची छिद्रे धमनीच्या दिशेने ताणली जातात, फुग्याच्या तोंडावर वीण विरळ होते आणि ज्या कामासाठी ते बसवले तेच काम मंदावते. शिवाय ते लांब राहिल्यामुळे पुढच्या एखाद्या शाखेच्या तोंडावर जाऊन बसू शकते. या धमनीच्या वरच्या भागातून अग्र कोरॉइडल नावाची एक बारीक शाखा निघते. शाखेवर जाळी आली म्हणजे ती बंद होतेच असे नाही, पण ही शाखा बंद पडली तर शरीराच्या विरुद्ध बाजूची ताकद जाऊ शकते. त्यामुळे ती जिथे टाळता येईल तिथे कोणताही सावध डॉक्टर टाळतोच.

हे माप पूर्वापार डॉक्टर अँजिओग्राफीच्या चित्रावर दोन बिंदूंमधले अंतर मोजून घेत आले आहेत आणि अनुभवी हातांत ही पद्धत चांगली चालते. दुसऱ्या रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टर जे म्हणाले त्यात काहीही गैर नाही. सिम्युलेशनमध्ये याच मोजमापाला पुढची जोड मिळते. कॅथलॅबमधला एक्स-रेचा अर्धगोलाकार हात काही सेकंदांत डोक्याभोवती फिरतो आणि धमनीत सोडलेल्या, एक्स-रेत दिसणाऱ्या औषधामुळे तिची त्रिमितीय प्रतिमा तयार होते. सॉफ्टवेअर त्या प्रतिमेतून धमनीचा आकार वेगळा काढते, तिच्या मधोमध जाणारी रेषा आखते आणि त्या रेषेवर ठिकठिकाणी धमनीचा व्यास सांगते. उपकरणाचे वरचे टोक कुठे ठेवायचे हे डॉक्टर दाखवतात. मग त्या विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट मापाच्या उपकरणातील तारांची संख्या, विणीचा कोन आणि धमनीचे वळण यांचा हिशेब करून खालचे टोक कुठे येईल आणि जाळी भिंतीला कुठे टेकेल, कुठे सुटेल, हे पडद्यावर दिसते. हे सारे काही मिनिटांत होते, त्यामुळे खोके उघडण्यापूर्वी दोन-तीन मापे एकामागून एक तपासून पाहता येतात. फ्रान्समधील मॉन्पेलिए येथील सिम अँड क्युअर या कंपनीचे ‘सिम अँड साइझ’ आणि बार्सिलोनातील गॅल्गो मेडिकलमध्ये तयार झालेले ‘अँकिरास’ ही या प्रकारची परिचित सॉफ्टवेअरे आहेत.

आता प्रयोगाचा प्रश्न. आईच्या शरीरात जे बसणार आहे ते उपकरण सिम्युलेशन केले म्हणून वेगळे होत नाही. ते तेच असते, मार्ग तोच असतो आणि बसवणारा हातही डॉक्टरांचाच असतो. बदलतो तो फक्त खोके निवडण्याआधीचा विचार. ज्या केंद्रांनी सिम्युलेशन वापरून केलेले आणि न वापरता केलेले उपचार ताडून पाहिले, त्यांच्या अनुभवात चुकलेल्या मापामुळे दुसरे उपकरण घालावे लागण्याचे प्रसंग आणि उपचाराला लागणारा वेळ कमी झाल्याचे दिसते. वेळ कमी म्हणजे एक्स-रेचा मारा कमी. हा फायदा खरा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. मात्र यातले बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि आधी झालेल्या उपचारांच्या नोंदींवर बेतलेले आहेत. त्यामुळे ‘सिम्युलेशन केले म्हणजे धोका टळला’ असे कोणी सांगत असेल, तर तो दावा पुराव्याच्या पुढे जाणारा आहे असे तुम्ही समजा.

चूक होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे आणि ती कुठून येते हे तुम्हाला ठाऊक असणे बरे. पहिली जागा म्हणजे मूळ प्रतिमा. औषध धमनीत पुरेसे भरले नाही, रुग्ण किंचित हलला किंवा कॅथेटरच्या स्पर्शाने धमनी त्या क्षणी आकसली, तर प्रतिमेत ती आहे त्यापेक्षा अरुंद दिसते आणि पुढचा सगळा हिशेब त्या चुकीच्या रुंदीवर चालतो. दुसरी जागा धमनीचा स्वभाव. हिशेबात तिची भिंत आणि वळण बहुधा स्थिर धरलेले असते. प्रत्यक्षात ताठ तार आणि कॅथेटर आत गेले की वळण थोडे सरळ होते. तिसरी जागा डॉक्टरांचा हात. उपकरण उघडताना ते किती ढकलले, किती मागे ओढले यावर वीण दाट होते किंवा ताणली जाते, आणि कुशल डॉक्टर हे मुद्दाम करतात. पडद्यावरचे चित्र हा एका ठरावीक पद्धतीने उघडलेल्या उपकरणाचा अंदाज असतो. यापेक्षा वेगळी आणि रुग्णांच्या लक्षात सहसा न येणारी एक गोष्ट म्हणजे, प्रत्येक उपकरणाचा हिशेब वेगळा असतो. एका कंपनीच्या उपकरणावर केलेले सिम्युलेशन दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाला लागू पडत नाही, जरी खोक्यावर माप तेच छापलेले असले तरी. ऐनवेळी साठ्यात नाही म्हणून उपकरण बदलले, तर आधीचा हिशेब बाजूला ठेवून नवा करावा लागतो.

म्हणून रुग्णालय निवडताना सॉफ्टवेअर आहे की नाही यावर निर्णय सोडू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ज्यांनी असे बरेच उपचार केले आहेत आणि जे माप काळजीपूर्वक घेतात, असे डॉक्टर सिम्युलेशनशिवायही मला चालतील. ज्यांचा अनुभव तुटपुंजा आहे अशांच्या हातातील उत्तम सॉफ्टवेअर मला पुरेसे वाटणार नाही. दोन्ही ठिकाणी आधी हा प्रश्न विचारा : फ्लो डायव्हर्टरचे उपचार तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, आणि त्यात पक्षाघात किंवा रक्तस्राव किती जणांना झाला? चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत. माप त्रिमितीय प्रतिमेवर घेणार की सपाट चित्रावर, ज्या मापाची गरज पडेल त्याच्या आजूबाजूची मापे त्या दिवशी हाताशी असतील का, आणि पहिले उपकरण नीट बसले नाही व दुसरे लागले तर त्याचा खर्च कोणावर येईल, हेही आधीच, शक्य असल्यास लेखी, विचारून घ्या. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. एकेक उपकरण काही लाखांचे असते आणि उपचारानंतर येणारे वाढीव बिल घराला अवघड जाते. पहिल्या डॉक्टरांना मी आणखी एक विचारीन : संगणकाने सुचवलेले माप आणि तुम्ही स्वतः मोजलेले माप वेगळे आले, तर तुम्ही काय करता? ‘मूळ प्रतिमा पुन्हा तपासतो’ असे उत्तर आले, तर ते यंत्राचा उपयोग योग्य रीतीने करत आहेत.

खर्चाचा विषय निघाला म्हणून सांगतो, की तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने नितिनॉल या मिश्रधातूचा देशी फ्लो डायव्हर्टर विकसित केला आणि त्याचे तंत्रज्ञान २०२० साली पुण्याच्याच बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे सोपवण्याचा करार केला. तुमच्या आईच्या उपचाराशी याचा आज संबंध येईलच असे नाही, पण परदेशी उपकरणांवरचे हे अवलंबन कमी व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न फुटलेला फुगा आढळणे ही समजूत आहे तेवढी दुर्मिळ गोष्ट नाही. प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांत तो असतो आणि त्यांतील बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. फुटला, तर मात्र परिणाम भयंकर असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवरील ७ ते १२ मिलिमीटरचे फुगे पाच वर्षांत फुटण्याचे प्रमाण २.६ टक्के आढळले होते. दुसरीकडे, १२ मिलिमीटरपर्यंतच्या फुग्यांवर पाइपलाइन वापरून झालेल्या ‘प्रीमियर’ या अभ्यासात १४१ रुग्ण होते. वर्षभरात त्यांतील ७६.८ टक्के रुग्णांचा फुगा पूर्ण बंद झाला आणि २.१ टक्के रुग्णांना मोठा पक्षाघात किंवा मृत्यू यांना सामोरे जावे लागले. हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या रुग्णांचे असल्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. तरीही धोका दोन्ही पारड्यांत आहे, एका पारड्यात तो वर्षानुवर्षे पसरलेला आहे आणि दुसऱ्यात तो उपचाराच्या दिवशी व त्यानंतरच्या काळात एकवटलेला आहे, एवढे त्यांतून कळते. तुमच्या आईचा रक्तदाब, तंबाखू वा धूम्रपानाची सवय, घरात आणखी कोणाला असा त्रास झाला होता का, फुग्याचा आकार एकसारखा आहे की त्याला बारीक उंचवटा आला आहे, यांवर तिचे पारडे कोणीकडे झुकते हे ठरते. तिच्या वयात आणि ८ मिलिमीटरच्या फुग्यासाठी उपचार सुचवणे वाजवी आहे. पण तो का सुचवला, हे दोन्ही डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले पाहिजे. डोकेदुखीसाठी हा उपचार आहे असे मात्र घरात कोणी धरून चालू नये. अशी डोकेदुखी पुष्कळदा वेगळ्याच कारणाची असते आणि फुगा बंद झाल्यावरही ती राहू शकते.

या जागेवरचा फुगा म्हणजे डोळ्याची धमनी बहुधा जाळीखाली येणार. चेहऱ्याकडच्या धमन्यांतून डोळ्याला पर्यायी रक्तपुरवठा होत असल्यामुळे दृष्टी सहसा टिकते, तरीही उपचारापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून आईची नजर तपासून तिची नोंद ठेवा.

माझ्या मते तुमच्या कुटुंबाने मापापेक्षाही जास्त लक्ष गोळ्यांकडे द्यायला हवे. धातूच्या जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी उपचाराच्या आधीपासून सुरू करतात, आणि ही जोडी पुढे काही महिने चालते; अ‍ॅस्पिरिन त्याहूनही लांब चालते. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर यकृतातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) कामाला लागते, आणि जन्मतःच ते विकर दुबळे असणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून गोळीचा परिणाम होतो आहे का, हे पाहणारी रक्तचाचणी करणार का, असे विचारा; परिणाम होत नसेल तर डॉक्टर दुसरे औषध देतात. माप अचूक बसले आणि दात काढायचा म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून आईने गोळ्या चार दिवस बंद केल्या, तर तेवढ्यानेही जाळीत गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवायची नाही, हे घरातल्या सर्वांना आणि गावातल्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

लग्नाबद्दल. न फुटलेल्या आणि त्रास न देणाऱ्या अशा फुग्यासाठी दीड महिना थांबणे बहुतेक वेळा चालते, आणि दुसरे मत घ्यायला, खर्चाची जुळवाजुळव करायला व तपासण्या पूर्ण करायला तो वेळ उपयोगीही पडेल. पण ही मुभा तुमच्या डॉक्टरांनी तिच्या प्रतिमा पाहून द्यायला हवी. मी त्या पाहिलेल्या नाहीत. उपचार लग्नानंतर ठेवला तर गोळ्या आणि पुढच्या तपासण्या यांची घडी गडबडीत विस्कटणार नाही, हाही एक फायदा आहे. मधल्या काळात रक्तदाब रोज मोजा, त्याचे औषध चुकवू देऊ नका आणि तंबाखू असेल तर ती बंद करा. अचानक, आजवर कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी उठली, पापणी खाली आली, एकाच्या जागी दोन दिसू लागले, उलटीबरोबर मान ताठरली किंवा शुद्ध हरपली, तर लग्नाचा दिवस असला तरी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, मेंदूची शस्त्रक्रिया होऊ शकते अशा जवळच्या रुग्णालयात तिला न्या आणि एमआरआयचा अहवाल सोबत ठेवा.